मूळ गाडीची सीट

कंबरदुखीच्या दवाखान्यात मावशींनी मासिक उघडून धरलं होतं, पण कान सगळे शेजारच्या दोघींकडे होते.

"कंबर तुमची का?"

"छे हो, आमच्या ह्यांची. वर्षानुवर्षं गॅरेजात ओणवे! एका जुन्या स्पोर्ट्स कारची नक्कल बनवत होते, अगदी हुबेहूब."

"घरच्या घरी? अगंबाई! झाली का पुरी?"

"झाली ना. पण सीट ही अशी, जमिनीला टेकलेली. आता ह्यांना आत बसताच येत नाही."

"मग सीट थोडी उंच करून घ्यायची."

"तेच म्हटलं मी. तर म्हणे, मूळ गाडीत एवढीच होती. दोन बोटं वर घेतली, तर नक्कल खोटी ठरेल."

"म्हणजे गाडी नुसती उभीच?"

"उभी कशाला? मी चालवते की! इतकी वर्षं नावं ठेवली तिला, पण पळते मात्र झकास. आत्ता तिनंच आले."

"आणि ते?"

"ते बसने येतायत."

मावशींचं मासिक खाली आलं. तेवढ्यात कंबरेवर हात ठेवून एक गृहस्थ वाकत वाकत आत शिरले. बायकोनं लगबगीनं खुर्ची पुढे केली.

"बसा आधी. फार दुखतंय का?"

"ते राहू दे. गाडी सावलीत लावलीस ना?"