सगळं पुसून टाकू का?

नाही हो, पडलाबिडला नाही — चहासुद्धा नाही सांडला, मी त्याच्या आसपास कप नेतच नाही — तुम्ही नुसतं बटण दाबा म्हणजे कळेल. दाबलंत? आला की नाही पडदा? आणि किती पटकन आला! पूर्वी हा उठेपर्यंत माझी भाजी चिरून व्हायची. तेच तर म्हणतेय मी, बिघडलेलाच नाहीये तो. माझ्या थोरल्यानं तुम्हाला फोनवर काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे — ‘आईनं लॅपटॉपची वाट लावलीय, होतं तसं सगळं परत आणून द्या’ — हेच ना? बघा, मान हलवलीत. अहो, वाट नाही लावली, मार्गाला लावलंय मी त्याला! तो स्क्रू ड्रायव्हर ठेवा बघू खाली. आधी ऐका, मग काय खोलायचं ते खोला.

तर मूळ कारण ऑक्टोपस. हसू नका, खरंच ऑक्टोपस. मी विणते, आणि नातीला स्वेटरवर ऑक्टोपस हवा होता — ‘आजी, पाय आठच हं, कमी केलेस तर मोजीन.’ आता विणायचं म्हणजे आधी चौकटीच्या कागदावर काढावं लागतं, एक चौकोन म्हणजे एक टाका. काढला. सहावा पाय काखेत गेला. पुन्हा काढला, तर डोकं गळ्यावर चढलं. धाकटी म्हणाली, ‘आई, हे कॉम्प्युटर चुटकीसरशी करेल.’ मी म्हटलं, दे मग करून. म्हणाली, ‘सवड मिळाली की.’ झालं! आमच्या घरात सवड मिळेपर्यंत नात लग्नाला यायची. मग वाचनालयात मोठ्यांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग होता, तिथे मीच जाऊन बसले. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, कॉम्प्युटरला मुळात दोनच गोष्टी कळतात, शून्य आणि एक. मी म्हटलं, अगंबाई, मग आपलं जमलं! आमच्यातही दोनच — सुलटा टाका नि उलटा टाका, त्यावर आख्खं घरदार पांघरतं. आणि जमलं हो! चित्र द्यायचं, प्रोग्राम त्याचे चौकोन पाडतो, रंग लावतो आणि विणायचा नमुना पुढ्यात टाकतो. पहिल्या खेपेला बटाटा आला. ऑक्टोपस घातला, बटाटा निघाला. पण माझ्या हुकमानं आला होता ना! माझ्या शब्दाला घरात कोणी इतक्या तत्परतेनं बटाटा आणून दिला नव्हता कधी. मी वर्गात टाळ्या पिटल्या.

आता वर्ग सुटला की घरीही करावंसं वाटणार की नाही? घरी हा लॅपटॉप. कुठली ऑपरेटिंग सिस्टीम ठेवायची, एवढाच प्रश्न मी सुट्टीत सगळे जेवायला जमले तेव्हा विचारला — सहज, भात वाढता वाढता — आणि जी जुंपली! थोरला म्हणे, ‘मॅक घे आई, डोळे मिटून घे.’ अरे, डोळे मिटून घेऊ आणि प्रोग्राम काय मिटल्या डोळ्यांनी लिहू? जावईबापू म्हणाले, ‘आहे ते विंडोजच बरं आई, सवयीचं आहे, अडलं तर मी फोनवरून सांगेन.’ म्हणजे माझा प्रोग्राम त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत चालणार. धाकटी ताडकन उठली, ‘लिनक्स! आपलं यंत्र आपल्या हातात!’ मला बरं वाटलं, म्हटलं निदान एक तरी माझ्या बाजूची. तर पुढचं वाक्य काय? — ‘मी घालून देते, तू हात लावू नकोस.’ ऐकलंत? आपल्या हातात, आणि हात लावू नकोस! भात निवून दगड झाला. थोरला नि धाकटी त्या दिवशी एकमेकांशी न बोलता निघून गेले, एका लॅपटॉपपायी, आणि ज्या बाईचा लॅपटॉप तिला कुणी विचारलंच नाही की तुला करायचंय काय.

विचारलं ते एकानं. वर्गातले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना वायरलेस म्हणतात, कारण उभी हयात आगबोटीवर संदेश पाठवण्यात गेली — त्यांची बोटं अजून टेबलावर टकटक करत असतात. ते म्हणाले, ‘तुम्हाला त्यावर करायचंय काय?’ मी म्हटलं, ऑक्टोपस. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘मग घर विकत घ्यायच्या आधी चार दिवस राहून बघा.’ म्हणजे पेनड्राइव्हवर लिनक्स घालून दिलं, आतलं काही न हलवता बाहेरूनच चालवून बघायला. राहून बघितलं. लॅपटॉप म्हातारा, पण त्याच्यावर हे अगदी सुती साडीसारखं हलकं बसलं. वर्गातही तेच, त्यामुळे तिथलं गाणं इथेही त्याच सुरात. काळा पडदा, त्यावर आपण लिहायचं, तो उत्तर देतो — चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते सांगतो, तोंड फुगवत नाही. ते म्हणतात तुमची बोटं विणकामाची, म्हणून चटकन वळतात. ते मला म्हणाले की... काय हो, हसताय कशाला? वर्गातले गृहस्थ आहेत, सांगितलं ना. कुठवर आले होते मी?

हां, तर लॅपटॉप. तसा तो ह्यांचा. हे गेले, लॅपटॉप राहिला. उघडला की पडद्यावर ह्यांचं नाव यायचं, आडनावासकट, आणि खाली स्वागत. रोज मी ह्यांच्या नावानं आत शिरायची, ह्यांच्याच पासवर्डनं — तो शेवटी शेवटी दवाखान्यात मला कानात सांगितला होता, नर्स ऐकेल म्हणून. वाईट नव्हते हो, तसं मुळीच समजू नका! माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर स्वतः जाऊन शिवून आणायचे. पण यंत्र म्हटलं — मिक्सर असो, रेडिओ असो, स्कूटर असो — की, ‘अगं, हात लावू नकोस, बिघडेल.’ जसं काही माझ्या हाताला यंत्रं बाधतात. आणि मी खरंच नाही लावला. सवय होते ना.

मग त्या दुपारी घरात कुणी नाही, पेनड्राइव्ह लावला, म्हटलं आता पक्कं घालूच. पडद्यावर प्रश्न आला — जुनं आहे तसं ठेवून शेजारी नवं घालू, की सगळं पुसून टाकू? थोरल्याला मी सांगितलं, चुकून दाबलं. जावईबापूंनाही तेच. तुम्हालाही तेच सांगणार होते, घरून पाठ करून आले होते — चुकून दाबलं. अहो, चुकून कसलं! वाचला की प्रश्न. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. उठून गॅस बंद करून आले, परत वाचला. आणि दाबलं. फोटो? फोटो धाकटीकडे आहेत सगळे, आदल्याच आठवड्यात मी तिला विचारून ठेवलं होतं, सहज विचारल्यासारखं, की बाबांचे फोटो तुझ्याकडे आहेत ना गं — म्हणजे... हो. म्हणजे आधीपासून मनात होतं. बघा, हे माझं मलाच आत्ता तुमच्यासमोर कळतंय.

मला वाटलं, आता रडू येईल. पदर हातात धरून बसले. आलंच नाही! पुढे त्यानं विचारलं, तुमचं नाव काय? अहो, कितीतरी वर्षांत मला कुणी नाव विचारलं नव्हतं — आई, आजी, काकू, अमक्यांच्या मिसेस. मी लिहिलं. नुसतं नाव, पुढे काही नाही. घेतलं की त्यानं! आडनावाशिवाय चालतं त्याला! मला इतकं हसू आलं की शेजारीणबाईंनी दार वाजवलं. मग पासवर्ड मागितला. तो काही मी तुम्हाला सांगणार नाही. एका आगबोटीचं नाव आहे. अय्या — सांगून बसले! आता बदलावा लागणार. नाही, नको, आगबोटी काय थोड्या आहेत?

बरं, तुम्ही सांगा, तुम्ही मघापासून काहीतरी बघताय त्यात. काय? ... बरंचसं परत येईल? पुसलेलं? म्हणजे ह्यांचं नाव, ह्यांचं ते सगळं — होतं तसं?

थांबा. बसते जरा.

नको. नको हो मला. थोरल्याला मीच सांगते, तुम्ही माझ्यापायी खोटं बोलू नका. आत्ताच लावते फोन. — हॅलो, अरे मी. हो, दुकानातूनच. ऐक, परत येतंय म्हणतात, पण मला नकोय. ... चुकून नाही रे. वाचून दाबलं. ... नाही, कुणी शिकवलेलं नाही. माझं मी. ... हॅलो? अरे, आहेस ना? ... काय म्हणालास? ... तू ते बघायचास? ... मला वाटायचं, तू आलास की मेल बघायला उघडतोस. ... अरे राजा, मग बोलायचं ना. मॅक घे, मॅक घे काय करत बसलास! हा तसाच राहावा म्हणून? ... वेडाच आहेस. बापावर गेलास अगदी. ... पूस डोळे. ऑफिसात आहेस ना? ... करते. करायला सांगते. आणि धाकटीला फोन कर आज. कर. ठेव.

ऐकलंत? घरी आला की हा उघडून ह्यांचं नाव बघायचा तो. म्हणून नवा घे म्हणत होता मला, म्हणजे हा जसाच्या तसा राहील. मी विचारलं नाही, आणि तो बोलला नाही. सगळे एका मुशीतले.

तर असं करा. जे निघेल ते सगळं काढा, पण ह्याच्यात नका घालू. वेगळ्या डिस्कवर द्या, ती माझ्या लेकाची. हा माझाच राहील, आहे तसा. जमेल? आतली नक्कल काढून घेता, आणि लॅपटॉप संध्याकाळी? बरं. उत्तम. आत एक अर्धा ऑक्टोपस आहे, तेवढा जपा, सात पाय आलेत, आठव्याचं बघतेय. तोवर आम्ही जरा बागेत — म्हणजे मी, मी जरा बागेत चक्कर मारून येते.

नाही हो, ते तुमचं गिऱ्हाईक नाही. त्यांना आत बोलावू नका, लाजतात ते. राहू द्या उभे, आगबोटीवरचे आहेत, पाय दुखत नाहीत त्यांचे. आणि असं मान वळवून बघू नका तिकडे! तुम्ही आपलं काम करा.