निळ्या ड्रेसची कंबर

बायको : हा उलटा करा जरा.

मास्तर : कशाला? घडी मोडेल.

बायको : मोडू दे. नुसता ड्रेस आणा म्हटलं तर इस्त्री करून आणलात. इथं हॉस्पिटलात कोण बघायला बसलंय मला?

मास्तर : सवय. आपल्या दुकानातून कपडा इस्त्रीशिवाय बाहेर पडत नाही. आणि घरी जाताना घालायला हवा म्हणालीस ना?

बायको : म्हणाले. करा उलटा. मला हात उचलवत नाहीत.

मास्तर : अगं, आतून काय बघायचंय त्यात?

बायको : तुमच्या दुकानात काजं-बटणं करण्यात जन्म गेला माझा. कपडा आतून बघायचा असतो, हे तुम्हीच शिकवलंत. आणा इकडे. कंबरेपाशी धरा. ही बघा.

मास्तर : काय?

बायको : भोकं. टिपेच्या शेजारी, ओळीनं. इथं आधी शिलाई होती. ती उसवून पलीकडे नवी टीप मारलीय.

मास्तर : जुना ड्रेस आहे. केलं असेल कधीतरी.

बायको : जुना कसला? आत्ता उन्हाळ्यात शिवलात. अहो, माझ्याकडे बघा.

मास्तर : बघतोय.

बायको : सलाइनच्या बाटलीकडे बघताय. माझ्याकडे बघा. फक्त याचीच सोडलीत का कंबर?

मास्तर : नाही.

बायको : मग?

मास्तर : सगळ्यांची. तू आंघोळीला गेलीस की एकेक घ्यायचो. जरा जराच सोडायची. एकदम सोडली असती तर तुझ्या लक्षात आलं असतं.

बायको : आणि मी आरशापुढे उभी राहून कंबरेत बोटं घालून तुम्हाला दाखवायची, बघा बघा, किती सैल झालं! तुम्ही मान डोलवून म्हणायचात, "वा, आता आत घ्यावा लागणार." काय हो तुमचं तोंड! नाटकात जायचं होतंत, शिवणाच्या मशीनवर कशाला बसलात?

मास्तर : तू हसायचीस गं तेव्हा.

बायको : म्हणून?

मास्तर : म्हणूनच. गुडघ्याच्या डॉक्टरांनी वजन उतरवा म्हटल्यापासून तुझं काय चाललं होतं, आठवतं का? अर्धपोटी राहायचीस. सकाळी उठून काट्यावर, आणि मग नळ सोडून न्हाणीत रडायचीस. तुला वाटायचं, मला ऐकू येत नाही. मला सोसवेना ते.

बायको : मग हाताला धरून फिरायला न्यायचं.

मास्तर : नेलं होतं. कोपऱ्यावरून परत फिरलीस, गुडघा ठणकतो म्हणून. आणि त्याच कोपऱ्यावर ती भेटली. कॅप्सूलवाली.

बायको : चरबी जाळणारी कॅप्सूल! "ताई, काट्यावर उभ्याच राहू नका, काटा फसवतो. कपडे बघा, कपडे खोटं बोलत नाहीत." मी काटा माळ्यावर टाकला तो त्याच दिवशी.

मास्तर : मला वाटलं, असेल कसल्या तरी पाल्याची पूड. अपाय नाही, उपाय नाही. तुझी उमेद तरी वाढेल. उमेद वाढली की चालायला लागशील, चाललीस की वजन खरंच उतरेल, आणि मी शिलाया गुपचूप परत आत घेईन. कुणाला पत्ताही लागणार नाही.

बायको : चालले का मी?

मास्तर : नाही. गोळ्या वाढवल्यास.

बायको : वाढवणारच की हो! एकीनं एवढा फरक पडतोय, तर आणखी घेतल्या तर काय होईल. छातीत नुसती धडधड. घामानं उशी भिजायची. ती म्हणाली, चरबी जळतेय, कळ काढा. मी काढली. आनंदानं काढली.

मास्तर : पुरे गं आता.

बायको : इथं आल्या आल्या सिस्टरनं काट्यावर उभं केलं. वजन जसंच्या तसं! मी म्हटलं, सिस्टर, काटा बिघडलाय तुमचा. हसली बिचारी. मग डॉक्टरांनाच विचारलं, गोळ्यांनी खरंच काही होतं का हो? ते म्हणाले, "मावशी, माणूस बेतानं खाऊन आणि हालचाल करून बारीक होतं, तेही सावकाश. डबीतून नाही. या डबीत जे घातलंय त्यातलं निम्मं वर लिहिलेलंसुद्धा नाही, आणि तुमच्या लिव्हरला ते झेपलं नाही." तेव्हापासून पडल्या पडल्या एकच विचार करतेय. वजन उतरलं नाही, तर कपडे कसे सैल झाले? म्हणून ड्रेस मागवला.

मास्तर : घरी जाताना घालायला नाही?

बायको : नाही हो. डोळे पिवळेजर्द, पोट पाण्यानं टम्म. मला कळतंय ना माझं.

मास्तर : असं नको बोलूस. तुझ्या पाया पडतो. मीच केलं हे सगळं. या हातांनी केलं.

बायको : रडाल नंतर. आधी पोरीला फोन लावा.

मास्तर : येतेच आहे ती रविवारी.

बायको : तोवर घेत राहील ती.

मास्तर : काय घेत राहील?

बायको : काय म्हणजे? त्याच कॅप्सूल. मीच पाठवल्या कुरिअरनं. ऑफिसात कुणीतरी ढोली म्हणालं तिला. तासभर रडत होती फोनवर. मी म्हटलं, बाळा, आईवर विश्वास ठेव, आईचे सगळे ड्रेस ढगळ झालेत. फोटोही पाठवला कंबरेत बोटं घालून.

मास्तर : अगं, मग बंद कर म्हणून सांगायचं!

बायको : परवा सांगितलं की. डॉक्टर म्हणतात हे गोळ्यांनीच झालं, टाकून दे. तर म्हणते, "डॉक्टर काहीही म्हणतात गं आई, तुझे कपडे सैल झाले ना?" काय उत्तर देणार? मलाच माहीत नव्हतं. आता तुम्ही द्या.

मास्तर : मी? मी कुठल्या तोंडानं सांगू?

बायको : याच. माझं ऐकणार नाही ती, म्हणेल आई घाबरलीय. लावा.

(मास्तर फोन लावून स्पीकरवर ठेवतो.)

लेक : बाबा? आई बरी आहे ना?

मास्तर : आहे, समोरच आहे. तू ऐक. त्या गोळ्यांनी आईला काही फरक पडला नव्हता.

लेक : झालं सुरू! बाबा, फोटो बघितलाय मी, उगाच काहीतरी...

मास्तर : तिचे कपडे मी सैल केले.

लेक : म्हणजे?

मास्तर : शिलाया उसवल्या. चोरून. ती जराही बारीक झाली नव्हती, पोरी. तुझ्या बापानं तिला फसवलं.

लेक : पण का?

मास्तर : मला तिचं रडणं बघवत नव्हतं. आणि आता हे बघायची वेळ आली. तू टाक त्या गोळ्या. आत्ताच्या आत्ता.

लेक : थांबा, थांबा. माझे कपडे तर तुम्ही शिवत नाही. मी तयार घेते. आणि माझेही सैल होतायत. खरंच.

बायको : जेवतेस का गं?

लेक : आई? अगं, अन्नाचा वासच नको होतो. सारखं मळमळतं. भूक मेली म्हणजे गोळी लागू पडली, असं तुझी ती बाई म्हणाली होती ना?

बायको : इथं यायच्या आधी मलाही असंच होत होतं, बाळा.

लेक : माझं काय लगेच तसं असेल का?

मास्तर : आरशात डोळे बघ. बुबुळाच्या कडेचा पांढरा भाग.

लेक : आत्ता? मी ऑफिसात आहे, बाबा.

मास्तर : आत्ता. मी थांबतो.

लेक : बरं. वॉशरूममध्ये जाते. एक मिनिट.

मास्तर : दिसतंय का?

लेक : हं.

मास्तर : कसे आहेत?

लेक : कळत नाहीये. बाबा, इथला दिवाच पिवळा आहे.

बायको : बाहेर जा गं, उन्हात. हळूहळू जा, पळू नकोस. आम्ही फोन ठेवत नाही.