हजार खुर्च्यांचं सभागृह

न्हाई, न्हाई, थांबा — हजार खुर्च्या? आवं आर्किटेक्ट साहेब, विद्यापीठाच्या ह्या उपकेंद्रात पोरं किती शिकत्यात म्हाईत हाय का तुमाला? चारशे. निम्म्या त्यातल्या पोरी. मग उरलेल्या सहाशे खुर्च्यांवर काय म्हसरं बसवायची? आन् वर एसी! प्रयोगशाळेच्या फ्रीजला जनरेटर न्हाई, भाषणाला मात्र गारवा — प्या, चहा प्या, थंड हुतोय. निम्मा पैसा सरकार देणार, निम्मा देणगीदारानं घालायचा, देणगीदार म्हंजी मी — व्हय, वाचलंय पत्र. इंग्रजीत लिवलं म्हंजी लालासाहेबाला कळत न्हाई असं वाटलं का तुमच्या समितीला? चाळीस वर्सं कोइमतूरात सोनं गाळलंय मी. मुशीतला रंग बघून सांगतो तांबं किती हाय ते. तुमच्या त्या इमारत समितीत एक बी माणूस चोख न्हाई. लिवून घ्या.

पाच वर्सामागं हीच मंडळी आली हुती. ह्याच खोलीत बसली. दोन नकाशे आणले — एक पोरींचं वसतिगृह, एक दगडी कमान, तीस फूट उंच, दोनी बाजूला हत्ती. पैसा एकाच कामाला पुरणार. काय केलं? कमान! येताना बघितली न्हवं? 'मातोश्री अंबूबाई प्रवेशद्वार'. आजूबाजूला कुंपण न्हाई, भिंत न्हाई, पोरं बाजूच्या माळावनं आत शिरत्यात, कमानीतनं कोण जातच न्हाई. ही शिकलेल्यांची अक्कल! वसतिगृहाची जागा धरली हुती मागं, ओढ्याच्या कडंला. तिकडं कुत्रं फिरकत न्हाई, मग तिकडं माझ्या आईचं नाव कोण वाचणार? मी तसं बोललो — बोलायला नको का? पैसा माझा. म्हणलं, वसतिगृह ऱ्हाऊ द्या, कमान करा. म्हणलो तर म्हणलो! पाच-पाच डॉक्टरेटवाले बसले हुते, एकानं तरी 'न्हाई' म्हणायचं? माना हलवल्या, पेढे खाल्ले, गेले. लाचार.

माझी नात शिवांजली तितंच एमेस्सीला. तिला काय, दाराला गाडी. पर तिची मैत्रीण हुती, प्रांजल — म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, वर्गात पयली. प्रॅक्टिकल सुटायचं सहाला आन् तिची शेवटची एस्टी पाचला. किती दिवस अर्ध्यातनं उठून पळणार? शिवांजली म्हणाली, आबा, आपल्या वरच्या खोल्या मोकळ्या हायत, तिला ठेवूया. मी म्हणलं, परक्याची पोर, उद्या काय झालं तर जबाबदार कोण? — का, चूक काय त्यात? दिवाळीनंतर बापानं तिचं लगीन लावलं. शिवांजली लग्नाला जाऊन आली, माझ्या म्होरं उभी ऱ्हायली आन् म्हणाली, "आबा, पणजीच्या कमानीखाली झोपायचं व्हतं का वं तिनं?" एवढंच. तवापासनं एक शबूद न्हाई. ताट म्होरं ठेवती आन् जाती. लय लागतंय मनाला. तुमी कशाला मान हलवताय? तुमाला काय कळणार!

तर वसतिगृह कुठं हाय ह्यात, दाखवा. कुठं? तिसऱ्या टप्प्यात! म्हंजी कवाच न्हाई. साहेब, असली कागदं मी चुलीत घालतो—

हे काय? हे चित्र मघा न्हाई दाखवलं. ही समोरची बाजू व्हय? 'मातोश्री अंबूबाई सभागृह'. अक्षरं कशाची, पितळंची? किती फुटाची? ... चार फूट. हमरस्त्यावनं दिसतील? गाडीतनं जाणाऱ्याला बी? — नुसतं इचारतोय हो. हसू नका.

सही कुठं करायची? हितं? द्या पेन. आन् हितं बी? ... घ्या, झालं. हो, हो, आभार पुरे. आता उठा. तिकडनं नको, पुढच्या दारात शिवांजली बसलीय. मागनं जावा — आन् तो नकाशा शर्टाच्या आत घाला.