जमिनीपासून एक वीत

माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, गृहसजावटीच्या व्यवसायातली जुनी-नवी मंडळी, ताईंच्या कार्यालयातले सहकारी, त्यांचे कुटुंबीय आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

आयुष्यभर मासिक चालवलं. त्यामुळे ताजी बातमी आधी सांगायची सवय जात नाही. आज सकाळी सव्वानऊ वाजता, नदीपलीकडच्या वस्तीतल्या गवंडीबाबांच्या जुन्या घराची रस्त्याकडची भिंत उतरवली. खिडकीची चौकट न तुटता निघाली. सुतारमामांनी तिथूनच फोन करून मला हे सांगितलं. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी आहे ती याच कारणाने. त्यांच्यावर कुणी रागावू नये.

निरोपाच्या प्रसंगी कुणाच्या तरी भिंतीची बातमी कशाला, असं अध्यक्षांना वाटत असेल. वाटणं रास्त आहे. पण परवा मी ताईंना विचारायला गेलो की तुमच्याविषयी काय बोलू. त्या खोकी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोलायचं असेल तर अंथरुणाचं बोल. नाहीतर नुसता हार घाल आणि खाली बस."

हार मघाशी घालून झाला. तेव्हा आता बोलावं लागणार.

ताईंनी एकतीस वर्षं लोकांची घरं सजवली. बाकीचे परदेशी मासिकं चाळत होते, तेव्हा त्या दर शनिवारी सकाळी टेप आणि वही घेऊन आसपासच्या खेड्यांत जात. कुठल्या घरात फडताळ किती खोल, चुलीशेजारचा ओटा किती रुंद, उंबरा किती झिजलाय, सगळं वहीत. सुतारमामा सोबत असायचे आणि अधूनमधून मी. आम्ही दोघं मागे बसून कुरकुरायचो. मामा म्हणायचे, बाईंना झोपडी दाखवा, त्या तिच्यातून तीन फ्लॅट काढतील. ताईंना ते ऐकू जायचं, पण वहीत त्याला जागा नसायची.

अशाच एका शनिवारी आम्ही गवंडीबाबांच्या घरी पोचलो. याला बावीस वर्षं झाली. मातीचं घर, स्वतः बांधलेलं. आतल्या खोलीत रस्त्याकडच्या भिंतीला एक खिडकी होती, जमिनीपासून बरोबर एक वीत उंचीवर. नऊ इंच. ताई दारातच थांबल्या. खिडकी इतक्या खाली मी कधी पाहिली नव्हती, मामांनीही नव्हती. उन्हाचा पट्टा जमिनीवर लांबवर पसरला होता. ताईंनी बाबांना विचारलं, इतकी खाली का? बाबा माती कालवत होते. म्हणाले, "खाली हवी होती म्हणून खाली."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. केवढं शहाणपण! मी ते वाक्य तिथल्या तिथे टिपून घेतलं.

आता अंथरुणाकडे येतो.

त्या खिडकीशी एक अंथरूण होतं आणि अंथरुणावर बाबांची बायको झोपलेली होती. आम्हाला वाटलं, ताप असेल. अंक सोमवारी छापायला जायचा होता, ऊन सरकत होतं आणि अंथरूण फोटोच्या चौकटीत येत होतं. "बाबा, हे जरा तासाभरासाठी बाजूला घेता का?" बाबांनी हात धुतले, बायकोला उचललं आणि बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवलं. मामांनी अंथरूण गुंडाळलं. ताईंनी खिडकीत एक तांब्या ठेवला. फोटो छान आला. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला आहे, आज प्रवेशद्वाराशी तो मोठा करून लावलाही आहे. खाली माझीच ओळ आहे: मातीशी बसून बोलणारी खिडकी.

पुढचं आपण जाणता. ती खिडकी ताईंची ओळख झाली. शहरात शेकड्यांनी बैठ्या खिडक्या झाल्या. लोकांनी हौसेने करून घेतल्या आणि मग त्यांच्यासमोर सोफे ठेवले. एका घरात ती फक्त मांजर वापरतं. एक वहिनी ताईंना म्हणाल्या होत्या की तुमच्या खिडकीतून मला रस्ता दिसत नाही, रस्त्याला माझे पाय दिसतात. आम्ही हसलो होतो.

सहा वर्षांनी ताई पुन्हा त्या वस्तीत गेल्या. बाबांकडून मातीचा गिलावा शिकून घ्यायचा होता. बाबा घरी नव्हते. शेजारच्या बाईंनी ताईंना नीट न्याहाळलं आणि विचारलं, "वहिनींना उचलायला लावणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

मग ताईंना सगळं कळलं. बाबांची बायको माळ्यावरून पडली होती. अकरा वर्षं पाठीवर झोपून होती. बाबांनी तिच्या डोळ्यांच्या उंचीचा अंदाज घेतला, चांगली उभी भिंत फोडली आणि ती खिडकी बसवली. कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाय सुटली, हे तिला दिसावं म्हणून. दिवसभरात तिला बघायला तेवढंच होतं आणि त्यातला एक तास आम्ही काढून घेतला. त्या तासात रस्त्यावर काही विशेष घडलं असेल का? बहुधा नाही. पण ते तिला कधी कळलं नाही. फोटो काढला त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ती गेली.

ताई परत आल्या त्या दिवसापासून त्यांनी एकही बैठी खिडकी करून दिली नाही. लोक मागत राहिले, त्या नाही म्हणत राहिल्या. धंद्यात त्याची चर्चा झाली, ताई लहरी आहेत असं माझ्याच मासिकात छापून आलं. शनिवारचं जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. फक्त माप घेण्याआधी त्या घरातल्या माणसांजवळ बसू लागल्या. कधीकधी दिवसभर बसून टेप न काढताच परतायच्या.

आणि त्या अंथरुणाविषयी कुणी विचारलं तर ताई सांगत, मीच हलवायला सांगितलं. सोळा वर्षं त्या हे सांगत आल्या आहेत.

मंडळी, ते वाक्य ताईंचं नव्हतं. माझं होतं. फोटो मला हवा होता, सोमवार माझा होता. ताई तेव्हा बाहेर अंगणात दाराची चौकट मोजत होत्या. आत आल्या तेव्हा खोली रिकामी होती. मी हे आजवर कुठे लिहिलं नाही, बोललोही नाही. मघाशी वाचलेलं मानपत्रसुद्धा मीच लिहून दिलं आहे. त्यातली चौथी ओळ 'बैठ्या खिडकीच्या जनक' अशी आहे. ती खोटी आहे. अध्यक्षमहोदय, मी ती खोडून मागितली असती, पण तोवर मानपत्राला काच लागली होती.

गेल्या महिन्यात गवंडीबाबांच्या मुलाचा ताईंना फोन आला. बाबा आता मुलाच्या नव्या घरी आहेत, पक्षाघाताने खाटेला खिळलेले. ते घर ताईंच्याच कार्यालयाने काढून दिलेलं. मुलाने तेव्हा बजावलं होतं, गावातल्यासारखं काही नको, शहरातल्यासारखं द्या. त्याप्रमाणे सगळ्या खिडक्या साडेतीन फुटांवर, नियमानुसार. नकाशावर ताईंची सही आहे. बाबांना खाटेवरून पंखा दिसतो आणि भिंतीचा रंग दिसतो. जुन्या घराची भिंत फुगून तिला पोट आलं होतं, ते घर पाडायचंच होतं. मुलाने एवढंच विचारलं, ती खिडकी तुम्हाला ठेवणीत हवी आहे का?

ताई दुसऱ्या दिवशी मुलाच्या नव्या घरी गेल्या. मामांनी टेप धरला. या वेळी त्यांनी माप जमिनीपासून घेतलं नाही, उशीपासून घेतलं. खाट उंच आहे. वीतभर उंचीचा तिथे उपयोग नव्हता. दोन फूट एक इंच भरलं. वहीतली ती शेवटची नोंद. त्यानंतरची पानं कोरी आहेत.

मला पाचच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. आयोजकांनी बोलावलं, आपण शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आनंदाच्या कार्यक्रमात हे बोललो. कुणाचं मन दुखावलं असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. ताईंची क्षमा मी इथे मागत नाही. ती मागायला जिथे जायचं आहे तिथे उद्या त्यांच्याबरोबरच जाणार आहे.

उद्या सकाळी आठला मामा नव्या घराची रस्त्याकडची भिंत फोडायला घेतील. आज निघालेली ती चौकट दुपारपर्यंत तिथे उभी राहील, कडेचं काम संध्याकाळपर्यंत आटपेल असा त्यांचा अंदाज आहे. मुलगा म्हणाला, बाबांनी दोन दिवसांत डोळे उघडलेले नाहीत. उद्या उघडतील की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. काम सुरू असताना खाट मात्र हलवायची नाही, असं ताईंनी मामांना बजावलं आहे. धूळ उडाली तर चादर धरायची. ती मी धरणार आहे.