काळीज कुणाच्या ताटात

काकामेगाच्या इस्पितळात माझ्या शेजारच्या बाकावर आजारी नाबालायो, तिचा नवरा सिम्वेलो आणि तिची थोरली बहीण बसली होती. डॉक्टरांनी नुकतंच तिचं ऑपरेशन पुढे ढकललं होतं.

"जावईबापू, ऐकलंत ना? अंगात लोह नाही हिच्या. पोटातली गाठ कापायला घेतली तर टेबलावरच जाईल म्हणे."

"ऐकलं, अक्का."

"कोंबडी खायला घाला, काळीज खायला घाला, असं बजावून सांगितलं होतं त्यांनी. घरात एवढ्या कोंबड्या होत्या, त्या कुठे गेल्या?"

"कापल्या की."

"हिच्या ताटात पडल्या का?"

"हिला बघायला माणसं येत होती, अक्का. पाहुण्यांपुढे नुसती मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकुमाची पालेभाजी ठेवू? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"म्हणजे आजारी ही, आणि कोंबड्या खाणार हिला बघायला येणारे!"

"सगळ्यांनी हिच्यासाठी प्रार्थना केली."

"ढेकर देऊन केली असेल! आणि काळीज कुणी गिळलं?"

"ते घरच्या पुरुषाचं असतं. आपली रीतच आहे."

"रीत! लाज कशी वाटत नाही हो? बायको वाळून काटकी झाली, आणि तुम्ही काळीज चघळत बसलात!"

"अक्का, ओरडू नकोस त्यांच्यावर."

"का नको, नाबालायो? तुझ्या तोंडचा घास पळवला त्यांनी!"

"तू आलीस त्या दिवशीही कोंबडी होती. तंगडी मीच वाढली तुला. तू आणखी मागितलीस."