खांद्याकडे कोण?

हॅलो?… हां, बोल चिमे. थांब, वर्गाबाहेर येते… ए पोरांनो, माझा फोन होईपर्यंत सगळ्यांनी मांजर काढायचं. शेपटीसकट!… हां, बोल. ताई ऐकतेय.

डॉक्टर आले होते?… बरं… म्हणजे मणक्याजवळची गाठ आता हाडात शिरलीय?… आतून पोखरलंय?… रडू नकोस गं. नाही, मी कुठे रडतेय? खडूची धूळ गेली घशात.

काय?… फार क्वचित होते अशी गाठ? तुझं मेलं लहानपणापासून सगळं जगावेगळंच!… हसलीस ना? हस, पण हळू. पाठ हलवू नकोस.

कधी सांगितलं त्यांनी?… काल? आणि मला आज?… कोण होतं जवळ?… हो, हो… जाऊबाई. असणारच. तुझी जाऊबाई नाही अशी एक जागा दाखव मला.

छे, मी कशाला चिडू?… वेणीपण घातली? वा. हात हलका आहे तिचा? शाळेत असताना रोज तुझी वेणी मी घालायचे, तेव्हा ‘ओढतेस’ याशिवाय शब्द नाही निघाला तुझ्या तोंडून!

काय?… ऑपरेशन उद्याच?… तो मणका काढून तिथे आधार बसवणार… आणि पाय?… ‘सांगता येत नाही’ म्हणजे काय?… बरं. बरं. श्वास घे. मी आहे.

अगं, मी रजा टाकलीय. उद्यापासून तुझ्या उशाशी मीच… का?… कुशीवर वळवायला जाऊबाईच हवी?… अगं ऐक ना… परवा मी खांदा ओढला, कंबर मागे राहिली, तू किंचाळलीस. मान्य. पण ती काय पोटातून शिकून आली होती? नर्सनंच शिकवलं ना? मग मीही शिकले.

कुठे म्हणजे? इथेच, वर्गात. सतरंजीवर मुलं एकामागे एक झोपवली. प्रत्येकानं पुढच्याचे पाय धरायचे. हा झाला पाठीचा कणा. ‘तीन’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वळायचं. एक जण मागे राहिला की हात सुटतात… पहिल्यांदा काय, अख्खा कणा खिदळत सुटला! पण आता बघ, ओंडक्यासारखे वळतात.

दोन माणसं लागतात, माहितेय मला. खांद्याकडे एक, कमरेकडे एक. मी आणि नर्स… नर्सला इतरही पेशंट आहेत?… म्हणजे मी आणि… ती? एकाच पलंगाशी?

…नाही, बोल. ऐकतेय…

बरं. पण खांद्याकडे मी. कमरेकडे ती. आणि एक-दोन-तीन मीच म्हणणार, शिकवण्यात जन्म गेला माझा… काय?… तू म्हणणार?

…हो गं. पाठ तुझी आहे. तू म्हण. तू ‘तीन’ म्हटल्याशिवाय आम्ही दोघी बोटसुद्धा लावणार नाही. आत्ता म्हणून दाखव बघू… जरा मोठ्यानं… हां. अस्सं.

आहे का ती तिथे?… असणारच. दे फोन.

हॅलो… हो, मीच. उद्या सकाळी येते. अहो, तिची वेणी मागे घालू नका, उशीवर टोचते तिला… बाजूलाच घातलीय?… तुम्हाला कुणी सांगितलं?… तिनंच? काय म्हणाली?…

…‘ताई घालायची तशी घाला’?

…बरं… नाही, काही नाही. खडूची धूळ आहे इथे फार. ठेवते हं.