या घरची दाई

माझा जनम डोंगरगडच्या पल्याडचा, छत्तीसगडातला, बाप धान लावे, अना मायले आमी दाई म्हनो. हे पयलेच सांगून ठेवतो, काऊन का पुढचा सारा घोर याच शब्दाचा आहे. तिकडे माय म्हनजे दाई. बाप लवकर गेला, मांगं लहान भावंडं, म्हनून माझं लगन लांबत गेलं, विशी लागली तवा कुठं गोंदियाची सोयरीक आली, जातीचीच, पन बोली वेगळी. लोक घोडनवरी म्हनत. म्हनोत. आता पाहा न, तुमच्यासंगं कशी मराठी झाडून राहिलो, पन तवा मले हो अना नाई एवढंच येत होतं, अना तेही उलटं पडे.

आमची वस्ती मुर्रीच्या वाटेवर, रेल्वेच्या लाइनीवर राबनारे, धानाच्या गिरनीत जानारे, सारे तिथंच. भिंतीपल्याड पोवारीन राहे, ती सकारीच इचारे का कर रही सेस, समोरचे हिंदीवाले, त्यायचं क्या हाल है, अना आमच्या घरी सासू-सासरा झाडी बोली बोलत, ते अर्जुनी मोरगावकडचे, नवरा लाइनीवर राहून राहून हिंदी. छत्तीसगडी बोलनारी मी एकटी. पयल्याच दिसी मी इचारलं, मोर लुगरा कहाँ हे, म्हनजे माझं लुगडं कुठं आहे, तं सासू सारी पेटी उपसून म्हने, मोराचं लुगडं आमी देल्लंच नाई बाई. दुसऱ्या दिसी नवऱ्यानं तिले समजावलं का मोर म्हनजे माझं. अना तिसऱ्या दिसी तो कामावर गेला, आठ दिवस नैनपूरकडे. आता माझं बोलनं समजनारं घरात कोनीच नाई.

आगगाडीत मी जलमात पयल्यांदा बसलो होतो, धूर पोटात गेला का काय झालं, आल्यापासून ओकून राहिलो. अन्न जाये नाई, रडू थांबे नाई, अना मी म्हनो, मोर दाई ला बला दव, मोर दाई ला बला दव. सासूनं कान टवकारले. मोर म्हनजे माझं, हे तिले आता समजत होतं. अना दाई म्हनजे तिच्या लेखी बाळंतपन करनारी. मंग काय सांगू जी तुमाले, वीस वर्साची पोरगी, लगन उशिरा, आली तशी ओकते, अना वरून माझी दाई बोलवा म्हनते. सासू कपाराले हात लावून खाली बसली, म्हने, पोट्टीनं सोताची दाईबी ठरवून आनली का व माय.

सासऱ्याले म्हनली, उद्या सकारी डोंगरगडच्या गाडीनं हिले हिच्या गावी सोडून या. सासरा म्हने, पोराले तं येऊ दे. ती म्हने, पोरगा भोळा आहे, त्याले कायले इचारता. अना माझं गाठोडं बांधाले घेतलं. मले त्यातला एकच शब्द समजला, डोंगरगड. आता हसू येते, पन तवा मी नाचाचीच बाकी होतो. मले वाटलं, मायकडे धाडून राहिले, केवढी मायेची सासू भेटली. मी धावून धावून गाठोडं बांधू लागलो, हसत होतो, तिच्या पाया पडलो. ती मांगं सरकली. पाहा म्हने, लाज तं नाईच, वरून खुशी.

सासरा मात्र अडून बसला. म्हने, नेतो, पन आधी सुकवारोले दाखव. सुकवारो म्हनजे वस्तीतली दाई, गोंडीन, कचारगडाकडची, पोवार असो का हिंदीवाले, साऱ्यायची पोरं तिच्याच हातची. आली, हात धुतले, पोट चाचपलं. मी तिचा हात पकडून म्हनलो, मोर दाई. सुकवारो जी हसत सुटली, जी हसत सुटली, भुईवर बसूनच गेली. मंग सासूले म्हने, अव येडे, उपाशी आहे हे पोरगी, पोटात भाताचं शीत नाई. मायले बोलवून राहिली बिचारी. आमच्या गोंडीतबी मायले दाईच म्हनतात. अना तिनं मायचं नाव घेतलं म्हनून तू तिले घराबाहेर काढून राहिली?

सासूनं गाठोडं सोडलं, भात वाढला, जेव म्हनली. अना मी मूर्ख, भोकाड पसरलं, मायकडे जानं हुकलं म्हनून. कशातून वाचलो, हे सुकवारोनं महिन्याभरानं समजावून सांगलं. अजूनबी राग येते जी, खोटं कायले बोलू.

पन सासू पक्की. तिनं कायदाच केला, या घरात माय म्हनाचं, दाईचं नाव नाई काढाचं, मले तो शब्द आयकू नाई वाटत. मले तीन पोट्टे झाले. सासूसमोर मी म्हनो, मायजवर ये, अना ती आंगनात गेली का तेच माझ्या बोलीत, दाई करा आ. पोट्टे हुशार, त्यायनं दाईच धरली. सासू रागावली, रागावली, मंग थकली. आता बाप हिंदीत रागावते, आजी झाडीत, मी छत्तीसगडीत, अना शिव्या पोट्टे पोवारीनीच्या बोलीत देतात. यंदा स्वराज आलं तवा भांडत होते, आता कोनती बोली चालन म्हनून. मी म्हनलो, भूक लागली हे जिच्यात लवकर समजन, ती.

अना मुख्य गोष्ट तं राहिलीच. मांगच्या थंडीत सासूले ताप चढला. नवऱ्याले म्हने, दाईले बोलाव. तो चक्रावला, अम्मा, इस उमर में दाई? पन मायचा शब्द, गेला धावत. सुकवारो आता काठी टेकत चालते, तशीच आली बिचारी. सासू तोंड फिरवून म्हने, तू नाई व, दाई, आमची दाई. मी चुलीपाशी होतो. सुकवारोनं काठी आपटली, म्हने, ऊठ व मोंगरा, तुले बोलवून राहिली, या घरची दाई कोन हे सांगाले मी अजून किती खेपा घालू? मी गेलो. बुडीनं माझा पदर पकडला अना लेकरावानी म्हनली, मोर दाई. मोर म्हनली जी. तिच्या तोंडून माझी बोली मी जलमात आयकली नव्हती, मी तिथंच रडलो.

बरी झाली मंग. ती पाहा उनात बसून आहे, डोऱ्यानं दिसत नाई, पन कान शाबूत. तुमी बसले, माझं आयकलं, तुमचं भलं होवो, तुमच्या घरात बोलनारे भरून राहोत. आयकलं का? हाक मारून राहिली. दाईच म्हनते आता, दिवसभर. थांबा जी, तिले भात घालून येतो.